नैसर्गिक हिरा घ्यायचा असेल तर आधी खडा निवडा, दागिना मग

लग्नाच्या खरेदीला नागपुरात इतवारीच्या सराफ्यात किंवा धरमपेठेत गेलेली बहुतेक घरं हिऱ्याची अंगठी एकाच पद्धतीने घेतात. ट्रे समोर येतो, एखादी अंगठी मुलीच्या बोटात शोभते, घडणावळीवर पंधरा-वीस मिनिटं घासाघीस होते, पैसे चुकते होतात आणि पिशवीत एक प्लास्टिकचं कार्ड पडतं. घरी आल्यावर मावशी विचारतात, "किती सेंटचा आहे? खाणीतला की लॅबचा?" तेव्हा ते कार्ड पहिल्यांदा वाचलं जातं.

इथे चूक होते ती क्रमाची. अशा अंगठीत बहुधा सगळ्यात जास्त पैसा खड्यात असतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो तोही खडाच. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, म्हणून आपण त्यावर बोलू शकतो. हिऱ्याचा भाव येत नाही, म्हणून गप्प बसतो आणि घडणावळीत हजार-पाचशे सुटले की समाधान मानतो. खाली दिलेला क्रम पाळला तर हिऱ्यावरही तितक्याच ठामपणे बोलता येईल.

## टप्पा १ : दुकानात जाण्याआधी घरी काय ठरवायचं

आधी दागिना कोण, कुठे आणि किती वेळा घालणार ते ठरवा. रोज घालायच्या अंगठीला कणीक मळणं, गाडीचं हँडल, भांडी असं सगळं सोसावं लागतं. तिला गोल आकाराचा खडा आणि बुटकं कोंदण बरं. कानातल्या कुड्या किंवा टॉप्स समोरचा माणूस हातभर अंतरावरून पाहतो, म्हणून तिथे खड्यातले बारीक दोष चालून जातात; मात्र दोन्ही खडे रंगाने आणि मापाने जुळले पाहिजेत. पेंडंटला धक्के सगळ्यात कमी बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे खाणीतला हिरा घ्यायचा की लॅबमध्ये वाढवलेला. दोन्ही कार्बनचेच, दोन्ही तेवढेच कठीण, आणि नुसत्या डोळ्यांनी कोणालाही फरक सांगता येत नाही. फरक किमतीत आहे आणि तो फार मोठा आहे. लॅबचा घेण्यात वावगं काहीच नाही, फक्त तो लॅबचा म्हणून, लॅबच्या भावात घ्यावा. नैसर्गिकच हवा असेल तर दुकानातलं पहिलं वाक्य तेच असू द्या: "आम्हाला नैसर्गिक हिरा दाखवा, आणि बिलावर तसं लिहून मिळालं पाहिजे." एवढं बोललं की पुढचं बोलणं आपोआप सरळ होतं.

बजेट ठरवताना जीएसटीसह एकच वरचा आकडा धरा आणि त्यातला किती भाग खड्याला द्यायचा ते आधीच लिहून ठेवा. हे घरी केलं नाही तर दुकानात सोनं जड होत जातं, डिझाइन वाढत जातं आणि उरलेल्या पैशात जो बसेल तो खडा गळ्यात मारला जातो.

शुक्रासाठी म्हणून हिरा घेणाऱ्यांनी पंडितजींना वजन रत्तीत न विचारता कॅरेट-सेंटमध्ये विचारावं. रत्तीचा हिशेब दुकानागणिक बदलतो. हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि १०० सेंट, हे मात्र जगभर ठरलेलं आहे. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा वजन सांगतो; बोलताना दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

सोबत काय न्यायचं? दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक कोरं पांढरं व्हिजिटिंग कार्ड, इंटरनेट चालू असलेला मोबाइल, वही-पेन आणि पॅन कार्ड.

थांबा : धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया किंवा गुरुपुष्याच्या गर्दीत खडा निवडू नका. त्या दिवशी काउंटरवर कोणालाच तुमच्यासाठी अर्धा तास नसतो. आठ-पंधरा दिवस आधी खडा पक्का करा, त्याच्या तपासणी रिपोर्टचा क्रमांक लिहून घ्या आणि दागिना मुहूर्तावर घरी आणा.

## टप्पा २ : पैसा कोणत्या गुणावर घालायचा

हिऱ्याचे चार गुण सगळ्यांनी ऐकलेले असतात: वजन, रंग, स्वच्छता, कट. लोक ते याच क्रमाने विचारतात. मी कट आधी आणि वजन शेवटी धरायला सांगतो.

कट. कट म्हणजे आकार नव्हे. गोल, अंडाकृती, चौकोनी हे झाले आकार. कट म्हणजे पैलू कोणत्या कोनात आणि किती नेमके पाडले आहेत ते. वरून आत गेलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर आला तर हिरा पेटल्यासारखा दिसतो. खडा फार खोल किंवा फार उथळ असेल तर प्रकाश खालून निसटतो आणि रंग-स्वच्छतेने उत्तम असलेला हिराही काचेसारखा मंद वाटतो. गोल हिऱ्यात रिपोर्टवर कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही 'एक्सलंट' असतील तर बाजारात त्याला ट्रिपल एक्स म्हणतात. गोल खडा घ्यायचा तर ट्रिपल एक्सच मागा, फार तर एखादा गुण 'व्हेरी गुड' चालेल. त्याखाली उतरू नका, बाकीच्या गुणांत उतरा.

खोल कटचा खिशाला सरळ फटका बसतो. नीट घडवलेला १ कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण ६.५ मिलिमीटर दिसतो. तेच वजन बुडात दडवलेलं असेल तर खडा ६.१ मिलिमीटरचाच भरतो, म्हणजे बोटावर ८० सेंटच्या सुमाराचा दिसतो आणि पैसे मात्र पुऱ्या कॅरेटचे जातात. म्हणून वजनाच्या जोडीला व्यास विचारायची सवय लावून घ्या. अर्ध्या कॅरेटला ५.१ मिलिमीटरच्या आसपास, ३० सेंटला ४.३ आणि १० सेंटला ३ मिलिमीटर, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं तरी पुरे.

गोल सोडून इतर आकारांच्या बऱ्याच रिपोर्टवर कटचा दर्जा दिलेला नसतो. तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. ओव्हल (अंडाकृती) आणि मार्कीज (दोन्ही टोकं अणकुचीदार) खड्यांच्या मधोमध फुलपाखरासारखी काळी सावली पडते का ते पाहा. थोडी सावली बहुतेक खड्यांत असते. खडा हलवूनही ती जात नसेल तर तो खडा सोडा.

रंग. पट्टी 'डी'पासून 'झेड'पर्यंत जाते. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. 'जी' ते 'जे' जवळपास रंगहीन. 'के'पासून पिवळसर छटा जाणवू लागते. आपल्याकडे हिरा बहुधा पिवळ्या सोन्यात जडवला जातो आणि सोन्याची छटा खड्यात उतरतेच. पिवळ्या सोन्यात 'डी' रंगाचा खडा बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिथे एच, आय, अगदी 'जे'सुद्धा छान दिसतो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच ठेवा. कुड्यांच्या जोडीत मात्र एक एफ आणि एक आय असं होऊ देऊ नका, कारण शेजारी शेजारी आल्यावर फरक लगेच दिसतो.

स्वच्छता. इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. दर्जे वरून खाली असे: फ्लॉलेस, इंटर्नली फ्लॉलेस, व्हीव्हीएस-१ आणि २, व्हीएस-१ आणि २, एसआय-१ आणि २, मग आय-१ ते आय-३. हे सगळे दर्जे दहापट भिंगाखाली ठरतात. व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, किमतीत मात्र ठळक दिसतो. व्हीएस-२ घेतला तर सहसा पश्चात्ताप होत नाही. एसआय-१ मध्येही डोळ्यांना स्वच्छ दिसणारे खडे भरपूर मिळतात, फक्त एकेक पाहून निवडावे लागतात. एमरल्ड कटसारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या पैलूंत दोष लपत नाहीत, तिथे व्हीएस-१ च्या खाली जाऊ नये.

दोष किती यापेक्षा कुठे आहे ते बघा. टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू. त्याच्या मधोमध काळा ठिपका असेल तर खडा नको. तोच ठिपका कडेला असेल तर कोंदणाच्या नखीखाली, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या पकडीखाली जातो. पण कडेपर्यंत पोचलेली बारीक चीर असेल तर ती दिसण्यापुरती बाब राहत नाही: जडवताना किंवा पुढे आपटल्यावर तिथूनच टवका उडू शकतो. हिरा सगळ्यात कठीण असला तरी ठराविक दिशांना तो फुटतो.

वजन. भाव प्रति कॅरेट सांगितला जातो आणि तो पायऱ्यांनी चढतो. ३०, ४०, ५०, ७०, ९० सेंट आणि १ कॅरेट या आकड्यांवर दर एकदम उडी घेतो. ५० ऐवजी ४७-४८ सेंटचा किंवा १ कॅरेट ऐवजी ९२-९५ सेंटचा नीट कटचा खडा मिळाला तर तो घ्या. ४८ आणि ५० सेंटच्या व्यासात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही फरक नसतो.

तपासा : जाहिरातीतला "१ कॅरेटची अंगठी" हा आकडा एका खड्याचा आहे की सगळ्या खड्यांचा मिळून? दहा सेंटचे दहा खडे मिळूनही १ कॅरेटच होतो, पण एका कॅरेटच्या एकट्या खड्यापेक्षा त्यांची किंमत कितीतरी कमी असते.

## टप्पा ३ : रिपोर्ट मागा आणि तिथेच, दुकानातच वाचा

सॉलिटेअर, म्हणजे एकटा बसणारा २०-२५ सेंटच्या वरचा खडा घेत असाल तर सुटा खडा आणि त्याचा सुट्या खड्याचा रिपोर्ट, दोन्ही मागा. दागिन्यात बसलेल्या खड्याचा रिपोर्ट मोघम असतो. खडा जडवलेला असल्यामुळे लॅबला तो तोलता येत नाही, बाजूने नीट पाहता येत नाही, म्हणून वजन अंदाजे आणि रंग-स्वच्छता पट्ट्यात दिली जाते.

दुकानाच्या नावाने छापलेलं 'ऑथेंटिसिटी कार्ड' म्हणजे रिपोर्ट नव्हे. विकणाऱ्यानेच स्वतःच्या मालाला दिलेला तो दाखला आहे. रिपोर्ट स्वतंत्र तपासणी लॅबचा हवा: जीआयए, आयजीआय, एचआरडी, एसजीएल अशा. आयजीआय हे लघुनाव दोन संस्था वापरतात, इंटरनॅशनल जेमोलॉजिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन जेमोलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणून कागदावरचं पूर्ण नाव वाचा. प्रत्येक लॅबचा कडकपणा सारखा नसतो. एका लॅबचा 'जी' दुसरीकडे 'एच' ठरू शकतो. दोन खड्यांच्या किमती ताडून पाहताना दोघांचे रिपोर्ट एकाच लॅबचे असावेत, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

वाचताना हा क्रम ठेवा:

१. सगळ्यात वर 'नॅचरल डायमंड' लिहिलंय की 'लॅबोरेटरी-ग्रोन'? इंटरनॅशनल आयजीआयने तपासलेल्या, लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यांचे रिपोर्ट क्रमांक 'एलजी' या अक्षरांनी सुरू होतात.

२. क्रमांक लॅबच्या संकेतस्थळावर स्वतःच्या मोबाइलवरून टाका. दुकानदाराने दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नका. क्यूआर कोड स्कॅन केला तर उघडलेला पत्ता त्या लॅबचाच आहे ना, ते पाहा.

३. मापं: लांबी, रुंदी, खोली. गोल खड्यात व्यासाच्या मानाने खोली साधारण ५९ ते ६२.५ टक्के आणि टेबल ५४ ते ५८ टक्के असेल तर निर्धास्त राहा.

४. फ्लुओरेसन्स: अतिनील प्रकाशात खडा निळा चमकतो का. चार-पाच हिऱ्यांतला एखादा तरी चमकतो, तो दोष नव्हे. आय-जे रंगाच्या खड्याला मध्यम फ्लुओरेसन्स उलट थोडा पांढरेपणा देतो, शिवाय किंमत कमी पडते. 'स्ट्राँग' असेल तर खडा उन्हाजवळ धरून दुधाळ दिसतो का एवढं पाहा.

५. शेवटी बारीक अक्षरांतला 'कॉमेंट्स'चा रकाना. लोक नेमका हाच वाचत नाहीत. लेसरने भोक पाडून डाग घालवला असेल किंवा उष्णता-दाब देऊन रंग सुधारला असेल, तर नोंद इथे सापडते. असे खडे नैसर्गिकच असतात, पण त्यांची किंमत बरीच कमी असायला हवी.

थांबा : मध्य प्रदेशातलं पन्ना आपल्यापासून फार लांब नाही, म्हणून "तिकडच्या खाणीतला कच्चा हिरा आहे, ओळखीतून मिळतोय" असं सांगणारे अधूनमधून भेटतात. पन्नाच्या उथळ खाणींत सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो आणि लिलावातूनच विकला जातो. खिशातून पुडी काढून दाखवणाऱ्याकडे एक तर काच असते, नाहीतर चोरीचा माल.

## टप्पा ४ : खडा प्रत्यक्ष कसा पाहायचा

दुकानातले स्पॉटलाइट हिऱ्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली अमेरिकन डायमंडही झगमगतो. खडा ट्रेसकट दाराजवळ किंवा खिडकीपाशी न्यायची परवानगी मागा. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात नेऊ नका, कडक उन्हात चांगला हिराही काळवंडल्यासारखा दिसतो. सावलीतला दिवसाचा उजेड हवा. सराफा ओळीतल्या अरुंद दुकानांत संध्याकाळी तो मिळत नाही, म्हणून सकाळी अकरा ते चारच्या मधली वेळ धरा.

रंग पाहायचा असा. व्हिजिटिंग कार्ड मधोमध दुमडून पन्हळ करा. त्या घडीत खडा पालथा ठेवा, म्हणजे टेबल खाली आणि टोक वर. आता बाजूने, खड्याच्या कंबरेच्या (सगळ्यात रुंद कडेच्या) पातळीवर पाहा. वरून पाहताना जो पिवळेपणा झगमगाटात लपतो तो इथे उघडा पडतो. शेजारी दुसऱ्या रंगाचा एक खडा ठेवायला सांगा. एकटा खडा पाहून रंग ठरवणं अनुभवी माणसालाही जड जातं.

स्वच्छतेसाठी भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि खडा चिमट्यात धरून भिंगापासून इंचभर अंतरावर आणा. दुसरा डोळा मिटू नका. आधी टेबलमधून आत, मग कडेने गोल फिरवत पाहा. रिपोर्टवर दोषांचा नकाशा असेल तर त्यातली एखादी ठळक खूण शोधा आणि ध्यानात ठेवा. जडवून आल्यावर हाच आपला खडा का, हे ओळखायला ती उपयोगी पडते.

गर्डल म्हणजे खड्याची कंबरेची कड. जीआयएच्या छोट्या रिपोर्टच्या खड्यांवर आणि इतर बऱ्याच खड्यांवर तिथे लेसरने रिपोर्ट क्रमांक कोरलेला असतो. दुकानात मायक्रोस्कोप असेल तर त्यातून, नाहीतर भिंगातून तो वाचून दाखवायला सांगा. क्रमांक जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा : घरगुती परीक्षांवर विसंबू नका. काचेवर ओरखडा अमेरिकन डायमंडनेही उठतो. वाफ मारून बघणं, पाण्यात टाकणं, पेपरवर ठेवून अक्षरं दिसतात का बघणं, यांतून खाणीतला की लॅबचा ते कधीच कळत नाही. दुकानातला पेनसारखा टेस्टर उष्णता किती लवकर वाहते ते मोजतो. लॅबचा हिरा त्यावर नेहमीच पास होतो आणि मोइसानाइटही (हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा) बऱ्याच टेस्टरवर पास होतं. टेस्टर वाजला म्हणजे एवढंच कळलं की तो अमेरिकन डायमंड नाही. नैसर्गिक आहे हे फक्त लॅबची यंत्रं सांगू शकतात.

## टप्पा ५ : बारीक हिऱ्यांचे दागिने

मंगळसूत्राच्या वाट्या, नथ, बांगड्या, नेकलेस यांत एक-दोन सेंटचे डझनावारी खडे असतात. प्रत्येकाचा रिपोर्ट निघत नाही. इथे सराफ "ई-एफ व्हीव्हीएस", "जी-एच व्हीएस", "आय-जे एसआय" अशा जोडनावांनी भाव सांगतात. रोजच्या दागिन्याला जी-एच व्हीएस पुरेसं आहे.

धोका वेगळाच आहे: नैसर्गिक खड्यांच्या पुडीत लॅबचे बारीक खडे मिसळलेले असणं. ही भेसळ अनेकदा सराफालाही ठाऊक नसते, माल वरूनच तसा येतो. म्हणून विचारा, "तुमचा बारीक माल मशीनवर तपासून येतो का?" नीट काम करणारा सराफ या प्रश्नाने चिडत नाही. दागिना महाग असेल तर पूर्ण दागिन्याचा स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट घ्या, ज्यात खडे नैसर्गिक असल्याचं लिहिलेलं असतं. एकूण खडे किती आणि मिळून वजन किती हे दोन आकडे रिपोर्टवर, टॅगवर आणि बिलावर तंतोतंत सारखे हवेत. स्वस्त दागिन्यांत कधी कधी सिंगल कटचे, म्हणजे सतरा-अठरा पैलूंचे खडे असतात. फुल कटला ५७ किंवा ५८ पैलू असतात. भाव फुल कटचा सांगितला असेल तर भिंग लावून दोन-चार खडे पाहा.

## टप्पा ६ : कोंदण

खडा पक्का झाला, आता डिझाइन. हिऱ्यासाठी १८ कॅरेट सोनं घ्या. २२ कॅरेट मऊ पडतं आणि नख्या लवकर झिजतात. रोजच्या अंगठीला चारऐवजी सहा नख्या, किंवा खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेलं बंद कोंदण. प्रिन्सेस (चौकोनी), मार्कीज, पेअर (थेंबासारखा) अशा टोकदार आकारांच्या टोकांवर व्ही आकाराची नखी हवीच, टोक उघडं राहिलं तर तेच आधी फुटतं. कारागिराला सांगा की कोरलेला क्रमांक नखीखाली जाऊ देऊ नको.

## टप्पा ७ : बिल

"काकू, हॉलमार्क आहे ना, मग टेन्शन कायले घेता?" हे वाक्य काउंटरवर ऐकू आलं तर उत्तर तयार ठेवा: हॉलमार्क सोन्याचा आहे, हिऱ्याचा नाही. बीआयएसचं चिन्ह, १८ कॅरेटसाठी ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, या तिन्ही खुणा फक्त सोन्याबद्दल सांगतात. एचयूआयडी 'बीआयएस केअर' अॅपवर टाका आणि शुद्धतेसोबत दागिन्याचा प्रकारही जुळतो का ते पाहा.

मग बिलाच्या ओळी सुट्या सुट्या मागा. 'डायमंड रिंग, १ नग' आणि खाली एकच रक्कम, असं बिल घेऊ नका. त्यात हे हवं: सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि दर, खड्यांची संख्या, कॅरेटमध्ये वजन, रंग, स्वच्छता आणि प्रति कॅरेट दर, 'नैसर्गिक हिरा' हे शब्द, रिपोर्ट क्रमांक, घडणावळ, हॉलमार्कचं शुल्क, ३ टक्के जीएसटी.

निव्वळ वजनाचा हिशेब स्वतः करा. समजा अंगठीचं एकूण वजन ६ ग्रॅम आणि हिरे १.५० कॅरेट. १.५० गुणिले ०.२ म्हणजे ०.३०० ग्रॅम हिऱ्यांचे. सोनं उरलं ५.७०० ग्रॅम. हिशेबापुरता २४ कॅरेटचा दर १०,००० रुपये ग्रॅम धरला तर १८ कॅरेटचा ७,५०० होतो. सोन्याची किंमत ४२,७५०. एकूण वजनावर आकारणी केली तर तीच ४५,००० होते, म्हणजे हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात आणखी एकदा विकलं गेलं. १८ कॅरेटच्या दागिन्याला २२ कॅरेटचा दर लावल्याचंही आढळतं. दोन्ही चुका कॅलक्युलेटरवर मिनिटभरात पकडता येतात आणि दाखवल्या की निमूट दुरुस्त होतात.

परतीच्या अटी लेखी घ्या. बदलून घेताना किती टक्के आणि रोख घेताना किती, हे वेगवेगळं असतं. टक्केवारी बिलाच्या रकमेवर की त्या दिवसाच्या भावावर, तेही विचारा. घडणावळ आणि कर परत येत नाहीत. हिरा गुंतवणूक म्हणून घेऊ नका. २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे भाव बरेच उतरले आहेत आणि सोन्यासारखा मोडीत घालायला हा माल सोपा नाही.

थांबा : "बिलाशिवाय घेतलं तर कर वाचेल" हे मान्य करू नका. वाचलेल्या तीन टक्क्यांसाठी हिरा नैसर्गिक म्हणून विकल्याचा सराफाकडचा पुरावाच हातचा जातो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम घ्यायला सराफाला प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, तेव्हा चेक किंवा ऑनलाइनच बरं.

## टप्पा ८ : दागिना ताब्यात घेताना आणि त्यानंतर

जडवून आलेला दागिना डबीत बंद करून घेऊ नका. कोरलेला क्रमांक पुन्हा वाचा, ध्यानात ठेवलेली खूण शोधा, दागिना काट्यावर ठेवून बिलावरच्या एकूण वजनाशी ताडा. मग तो कानाशी धरून बोटाने हलकेच टिचक्या मारा; आतून बारीक खुळखुळ आली तर खडा सैल आहे. नख्यांवरून साडीचा पदर किंवा ओढणी फिरवा. धागा अडकला तर नखी घासून गुळगुळीत करायला तिथेच परत द्या. जवळून दोन-चार फोटो काढून बिलाच्या फोटोसोबत ठेवा.

हिऱ्यावर तेलकटपणा चटकन बसतो आणि महिन्याभरात तो मंद दिसू लागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, लहान मुलाच्या मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू घासा, वाटीतच खंगाळा. वाहत्या नळाखाली, उघड्या मोरीवर कधीच नको. दागिने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, हिरा हिऱ्यालाही ओरखडतो. वर्षातून एकदा नख्या तपासून घ्या.

घेतल्यानंतर शंका आली तर दुकानात जाऊन भांडण्याआधी दागिना किंवा खडा दुसऱ्या स्वतंत्र लॅबकडे तपासायला द्या आणि लेखी निष्कर्ष हाती घ्या. तो बिलाशी जुळत नसेल तर सराफाला पत्र किंवा ईमेलने कळवा, फोनवर बोलून सोडू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या खरेदीच्या तक्रारी तिथे चालतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हॉलमार्कबद्दलची तक्रार 'बीआयएस केअर' अॅपवरूनच करता येते. या सगळ्या ठिकाणी पहिल्यांदा मागतात ती दोनच कागदं: 'नैसर्गिक हिरा' लिहिलेलं बिल आणि लॅबचा मूळ रिपोर्ट. ती दागिन्याच्या डबीत न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.